पानावरचे मेण आणि फवाऱ्याचा थेंब

कांद्याच्या पिकावर फुलकिडे किंवा करपा दिसू लागला म्हणजे शेतकरी औषध आणतो, ते पाण्यात कालवतो आणि पंप पाठीवर घेऊन वाफ्यामागून वाफा फवारीत जातो. औषध योग्य असते, प्रमाणही बरोबर असते. पण फवारणी होताच वाफ्यात वाकून पातीकडे निरखून पाहिले तर पात बहुतेक कोरडीच आढळते. फवाऱ्याचे पाणी मोत्याप्रमाणे गोळा होऊन पातीवरून घरंगळून गेलेले असते. त्यातील काही पातीच्या बेचक्यात साचते व उरलेले जमीन पिऊन टाकते. आठ दिवसांनी रोग होता तेथेच असतो, आणि दोष मात्र औषधाला, दुकानदाराला किंवा हवामानाला दिला जातो. पुष्कळदा हा दोष यांपैकी कोणाचाच नसून पातीवरील मेणाचा असतो.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. जी गोष्ट टिकावयाची नाही तिला 'अळवावरचे पाणी' म्हणण्याची रीत त्यातूनच पडली. कांदा, लसूण, कोबी, फुलकोबी, वाटाणा, भात व कमळ यांची पाने अळवाच्याच पंक्तीला बसणारी आहेत. याउलट कापूस, भेंडी व घेवडा यांच्या पानांवर साधे पाणीसुद्धा बऱ्यापैकी पसरते. एकाच पंपातून व एकाच हाताने केलेली फवारणी एका पिकावर उत्तम व दुसऱ्यावर निष्फळ ठरते, याचे कारण या फरकात आहे.

थेंब गोल का राहतो

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरीत असतात. थेंबाच्या पोटातील रेणूला ही ओढ चोहोबाजूंनी सारखी असते. पृष्ठभागावरील रेणूला मात्र आतून ओढणारे पुष्कळ आणि बाहेर, हवेच्या बाजूस, ओढणारे जवळजवळ कोणीच नाही. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्याप्रमाणे वागतो व शक्य तितका आकसू पाहतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. कमीत कमी पृष्ठभागात जास्तीत जास्त पाणी सामावणारा आकार म्हणजे गोल. म्हणून मोकळा थेंब गोल होतो. सामान्य तापमानास पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर इतका भरतो. रॉकेलचा पृष्ठताण याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. रॉकेलचा थेंब पडताक्षणी फाकतो आणि पाण्याचा थेंब तग धरतो, तो या फरकामुळे.

परंतु थेंब गोल राहणार की पसरणार, हे एकट्या पाण्यावर अवलंबून नाही. ज्यावर तो पडतो त्या वस्तूची ओढही विचारात घ्यावी लागते. स्वच्छ धुतलेली काच पाण्याला स्वतःकडे जोराने ओढते, त्यामुळे थेंब तिच्यावर सपाट होतो. मेणाची गोष्ट निराळी आहे. मेण हे मुख्यतः कर्ब व उद्जन यांच्या लांबलचक साखळ्यांचे बनलेले असते व या साखळ्यांना पाण्याचे फारसे आकर्षण नसते. अशा वस्तूवर पाण्याचे रेणू आपापसांतच घट्ट राहतात. थेंबाच्या कडेशी पाणी व पृष्ठभाग यांच्यामध्ये जो कोन होतो त्यास स्पर्शकोन म्हणतात. तो मोजून पृष्ठभागाचा स्वभाव सांगता येतो, ही कल्पना इंग्लंडमधील टॉमस यंग या शास्त्रज्ञाने १८०५ साली मांडली. हा कोन ९० अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग भिजणारा, अधिक असेल तर न भिजणारा, असे स्थूलमानाने समजावे.

गुळगुळीत मेण व दाणेदार मेण

केवळ मेण आहे म्हणून अळवावरील पाणी पळते, असे म्हणणे अर्धे सत्य होईल. मेणबत्तीचे मेण काचेवर गुळगुळीत थापले आणि त्यावर थेंब ठेवला तर स्पर्शकोन १०५ ते ११० अंशांच्या आसपास येतो. आज माहीत असलेले सर्वांत जलविरोधी रसायन वापरले तरी पृष्ठभाग जोवर गुळगुळीत आहे तोवर हा कोन १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. अळू व कमळ यांच्या पानांवर मात्र तो १५० अंशांहून अधिक भरतो. मधली ही मोठी तफावत पानाच्या खडबडीतपणामुळे पडते.

सूक्ष्मदर्शकाखाली अळवाचे पान गुळगुळीत नसते. त्यावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहूनही कितीतरी सूक्ष्म स्फटिक उभे असतात. थेंब या स्फटिकांच्या टोकांवर टेकतो आणि त्याच्या खाली, फटींमध्ये, हवा अडकून राहते. म्हणजे थेंबाचा पानाशी खरा संबंध अगदी थोड्या जागी येतो व बाकी सर्व भार हवेवर तोललेला असतो. अशा थेंबाला पान किंचित कलले तरी घरंगळण्यास पुरेसे होते. खडबडीतपणा भिजण्यावर कसा परिणाम करतो याचे गणित वेन्झेल यांनी १९३६ मध्ये, आणि अडकलेल्या हवेसह कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडले होते. पुढे १९९७ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे बार्थलॉट व नाइनहुइस यांनी असे दाखवून दिले की, कमळाच्या पानावरून घरंगळणारा थेंब वाटेतील धूळ व बुरशीचे बीजाणूही उचलून नेतो. चिखलात उगवूनही कमळाचे पान स्वच्छ राहते, याचा उलगडा त्यातून झाला.

हे सर्व ग्रामसभेत किंवा शेतीशाळेत दाखविण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. पत्र्याच्या तुकड्यावर मेणबत्ती घासून, किंचित ऊन करून मेण सारखे पसरू द्यावे. शेजारी अळवाचे ताजे पान ठेवावे. दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब सोडावा. दोन्ही ठिकाणी थेंब उभाच राहील. आता दोन्ही हळूहळू कलते करावेत. अळवावरील थेंब लगेच पळेल. मेणाच्या पत्र्यावरील थेंब चिकटून राहील व बराच कल दिल्यानंतर कसाबसा ओघळेल. यानंतर अळवाच्या पानाचा एक भाग अंगठ्याने चोळावा. मेण तेथेच आहे, परंतु त्याचे स्फटिक चुरडले गेले. त्या जागी सोडलेला थेंब आता बसका होऊन चिकटेल. मेण असणे वेगळे व मेणाची रचना असणे वेगळे, हे शेतकऱ्यास एवढ्या प्रयोगावरून व्याख्यानापेक्षा लवकर पटते.

कोबीच्या मेणात २९ कर्बाणूंच्या साखळ्यांचे, तर कांद्याच्या मेणात ३१ कर्बाणूंच्या साखळीच्या एका द्रव्याचे प्राबल्य असते. कांद्याच्या पातीवरील निळसर करडी झाक म्हणजे हेच मेण होय. कडक ऊन व कोरडी हवा यांत वाढलेल्या पातीवर मेण अधिक धरते. पावसाच्या माऱ्याने आणि पाने एकमेकांवर घासल्याने ते झिजते. त्यामुळे मोकळ्या उन्हात वाढलेला रब्बी कांदा फवाऱ्याला जितका अवघड, तितका पावसात झोडपलेला खरीप कांदा सहसा नसतो.

मेण हे पिकाचे पांघरूण

हे मेण फवारणीच्या आड येते म्हणून ते शत्रू समजणे चुकीचे होईल. पानातील ओल राखण्याचे काम तेच करते. याचे प्रत्यंतर पाहावयाचे असेल तर सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात बेदाण्याच्या हंगामात जावे. तेथे द्राक्षे शेडमधील जाळ्यांवर पसरण्यापूर्वी पोटॅशियम कार्बोनेट दर लिटरला २५ ग्रॅम व डिपिंग ऑइल १५ मिलिलिटर अशा द्रावणात दोन-चार मिनिटे बुडवून काढतात. या द्रावणाने मण्यावरील मेणाच्या थरांची रचना बदलते व आतील पाणी बाहेर पडण्यास वाट मिळते. साली फाटत नाहीत, तरीही बुडविलेला माल न बुडविलेल्या मालापेक्षा कितीतरी लवकर वाळतो. एवढ्याशा मेणाने केवढे पाणी अडवून धरलेले असते, ते यावरून ध्यानात यावे.

याला एक दुसरी बाजूही आहे. कांद्याच्या ज्या वाणांची पात चकचकीत हिरवी असते, म्हणजे जिच्यावर ही निळसर पूड कमी असते, तिच्यावर फुलकिड्यांचा उपद्रव मेणचट पातीच्या वाणांपेक्षा कमी आढळतो. मेण जितके अधिक तितके पीक सुरक्षित, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

खाण्याच्या द्राक्षांच्या बाबतीत तर मेण म्हणजे पैसा आहे. मण्यावरील पांढुरकी मेणकट साय अखंड असली म्हणजे माल ताजा व न हाताळलेला समजला जातो. मणी भरल्यानंतर पसरणारी द्रव्ये जादा प्रमाणात फवारली किंवा घड हाताने चोळले गेले तर ही साय पुसली जाते, डाग राहतात व बाजारभाव पडतो. नाशिक व सांगली भागांतील जाणते बागाईतदार या अवस्थेत हात आखडता घेतात, ते योग्यच आहे.

ट्रॅक्टरच्या पत्र्यावरील मेण

ट्रॅक्टर किंवा मोटारगाडी धुऊन झाल्यावर रंगावर चोळण्याचे मेण आता तालुक्याच्या गावीही मिळते. त्याच्या डब्यावर पाण्याचे टपोरे मणी हमखास छापलेले असतात. त्यातील उत्तम समजले जाणारे कार्नोबा मेण हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण होय. पाने वाळवून ते झाडून व खरवडून काढतात. तेथील कोरड्या हवेत पानातील पाणी राखण्यासाठी झाडाने जे केले, तेच माणूस रंगाच्या रक्षणासाठी उसने घेतो. हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांवरच वितळते. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पत्र्यावर कार्नोबा टिकते व मधमाश्यांचे मेण मऊ पडून धूळ धरते, याचे कारण या आकड्यांत आहे.

याच्या शेजारी दुकानात 'सीलंट' या नावाने कृत्रिम द्रव्येही मांडलेली असतात. ती बहुधा सिलिकोनच्या किंवा तत्सम बहुवारिक द्रव्यांची असतात व रंगाच्या थराला मेणापेक्षा घट्ट धरून बसतात. मेणाचा थर ऊन, पाऊस व धुणे यांनी काही आठवड्यांत निघून जातो. चांगले सीलंट काही महिने टिकते. पाण्याचे मणी करण्याच्या बाबतीत मात्र दोहोंत डोळ्यांना दिसेल असा मोठा फरक असावयास नको, कारण दोन्ही थर गुळगुळीतच असतात आणि गुळगुळीत पृष्ठभागाची मर्यादा वर सांगितलीच आहे. त्यावरील थेंब मोत्यासारखा दिसला तरी अळवावरच्यासारखा आपोआप पळत नाही. तो तसाच उन्हात वाळला तर विहिरीच्या जड पाण्यातील क्षार एका जागी गोळा होऊन रंगावर पांढरे गोल डाग पडतात. म्हणून मेण लावलेला पत्रा धुतल्यावर फडक्याने टिपून घेणे अधिक गरजेचे ठरते. मण्यांचा देखावा पाहून थर किती जाड आहे अथवा किती दिवस टिकेल, याचा अंदाजही बांधू नये. मणी होण्यास वरचा एक अतिपातळ थर पुरतो.

कपडे धुण्याच्या पावडरीने ट्रॅक्टर धुतला की दुसऱ्या दिवशी पाण्याचे मणी होईनासे होतात, अशी तक्रार पुष्कळांची असते. मेण गेले, असे ते समजतात. काही अंशी मेण जातेही. पण अनेकदा पावडरीचा अंश मेणावर राहिल्यामुळे पाणी त्यावर पसरू लागते. स्वच्छ पाण्याने भरपूर धुतल्यावर मणी पुन्हा दिसतात. ट्रॅक्टरवाल्यास जी अडचण वाटते तीच नेमकी फवारणाऱ्यास हवी आहे, आणि पसरक द्रव्याचे सारे काम याच तत्त्वावर चालते.

पसरक, चिकट द्रव्य आणि त्यांतील भेद

पसरक द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी व दुसरे तेलामेणाशी सलगी करणारे असते. पाण्यात मिसळताच हे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात आणि पाण्याचा ताण उतरवितात. नेहमीच्या पसरकाने तो ७२ वरून ३० ते ३५ पर्यंत खाली येतो. सिलिकोन जातीच्या नव्या पसरकाने तो २० ते २२ पर्यंतही उतरतो व थेंब कांद्याच्या पातीवर तेलासारखा फाकतो. थेंबाखालची हवा बाहेर ढकलली जाते, पाणी मेणाच्या फटींत शिरते व घरंगळणे थांबते.

चिकट द्रव्याचे काम निराळे आहे. ते थेंब पसरविण्यासाठी नसून वाळलेले औषध पावसात धुऊन जाऊ नये यासाठी असते. राळ, दुधातील केसिन, डिंक व अलीकडील रबरासारखी बहुवारिक द्रव्ये या वर्गात मोडतात. सुपारीच्या बागांत कोळे रोगासाठी पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारताना त्यात राळ व धुण्याचा सोडा यांचे शिजविलेले द्रव्य घालण्याची प्रथा जुनी आहे. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षांवरील केवड्यासाठी प्रसिद्ध केलेले हे मिश्रण स्वतःही चांगले चिकटते, मात्र ते ताजे असावयास हवे. शिळ्या मिश्रणाची चिकटण्याची शक्ती उतरते.

बाजारात पसरकालाही सरसकट 'स्टिकर' म्हटले जाते, आणि या एका शब्दाने बराच घोटाळा माजविला आहे. शेतकरी पावसाच्या भीतीने 'स्टिकर' मागतो व त्याला पसरक मिळते. पसरक वाळल्यावर पाण्यात पुन्हा विरघळू शकते. त्यामुळे लगेच जोराचा पाऊस आला तर काही औषधे उलट अधिक सहज धुऊन जातात. ग्रामकार्यकर्त्यांनी बाटलीवरील नाव न पाहता लेबलावरील कार्य वाचून दाखविण्याची सवय ठेवावी.

अधिक घातले तर अधिक चांगले, हा समजही सोडावयास हवा. ठरावीक मर्यादेपर्यंत पसरक वाढविले की पृष्ठताण उतरतो. त्यानंतर कितीही घातले तरी तो आणखी खाली जात नाही. वाढतो तो फक्त फेस, खर्च आणि कोवळी पाने करपण्याचा धोका. बऱ्याच पसरकांचे छापील प्रमाण दर लिटरला अर्धा ते एक मिलिलिटर असते. १६ लिटरच्या पंपास अर्ध्या मिलिलिटरच्या हिशेबाने ८ मिलिलिटर पुरते. बाटलीच्या झाकणाने मोजण्याच्या प्रथेत हे प्रमाण सहज दुप्पट-तिप्पट होते; औषधाच्या दुकानातील मोजपात्र किंवा सुई नसलेली पिचकारी वापरणे फारसे कठीण नाही.

मुळातच भिजणाऱ्या पानांवर तर जादा पसरक नुकसानच करते. कापूस किंवा घेवडा यांच्या पानावर साधा थेंब जागेवर बसतो. त्यात पसरक घालून भरपूर पाण्याने फवारले तर थेंब एकमेकांत मिसळून पातळ पापुद्रा होतो व पानाच्या टोकावरून ओघळू लागतो. ओघळणारे पाणी म्हणजे ओघळणारे औषध. तात्पर्य, कांद्यास जे पथ्य तेच कपाशीस कुपथ्य होऊ शकते. शिवाय दुधाळ होणाऱ्या प्रवाही औषधांत पायसकारी द्रव्य आधीच असते. त्यांना पसरकाची गरज कमी. पाण्यात मिसळण्याच्या भुकटीला, विशेषतः मँकोझेबसारख्या केवळ पृष्ठभागावर राहून काम करणाऱ्या बुरशीनाशकाला, मेणचट पानावर ती खरोखर असते, कारण औषध जेथे पोहोचले नाही तेथे त्याचे संरक्षण नाही.

साबणाने काम भागवावे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. साबण पाण्याचा ताण उतरवितो हे खरे. परंतु आपल्याकडील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यातील चुन्याशी संयोग होऊन साबणाचा चोथा होतो व नोझल तुंबते. साबणाच्या क्षारयुक्त पाण्यात काही कीटकनाशके लवकर निकामीही होतात. धुण्याच्या पावडरीत तर कपड्यांसाठी घातलेले इतर क्षार असतात व ते कोवळ्या पानांना सोसत नाहीत. एका हेक्टर कांद्याला ५०० लिटर पाणी धरले तर लागणारे पसरक पाव ते अर्धा लिटर होते. एवढ्याच्या बचतीसाठी महागडे औषध धोक्यात घालणे परवडणारे नाही.

कोठे घालावे, कोठे टाळावे

कांद्यावर करप्यासाठी फवारताना संपूर्ण पात माखणे आवश्यक असल्याने पसरक घालावेच. फुलकिड्यांच्या बाबतीत थोडी गंमत आहे. हे किडे पातीच्या बेचक्यात, आतल्या कोवळ्या भागात दडतात, आणि घरंगळलेले पाणीही थोडेफार तेथेच जाऊन साचते. म्हणून बिनपसरकाच्या फवारणीचाही थोडाबहुत गुण दिसतो व शेतकरी फसतो. पसरक घातलेले पाणी मात्र बेचक्यातील अरुंद फटीत शिरते. नुसते साचलेले पाणी शिरत नाही. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी बीटी जिवाणूंचे औषध वापरले तर तेथेही पसरक हवे, कारण हे औषध अळीने पानाबरोबर खाल्ले तरच काम करते, आणि अळ्या बहुधा पानाच्या खालच्या अंगास असतात.

कांद्यातच एक मोठा अपवाद सांगावयाचा आहे. उगवलेल्या तणांसाठी ऑक्सिफ्लोरफेन हे तणनाशक कांद्यात वापरले जाते. तण जळते व कांदा वाचतो, याला कांद्याच्या पातीवरील मेणाचा मोठा हातभार असतो. तणनाशकाचे थेंब पातीवर पुरते ठरतच नाहीत. सवयीने या पंपातही पसरक टाकले तर हे कवच निरुपयोगी होते व पात भाजून निघते. लागवडीनंतर मुळे धरण्यापूर्वी, किंवा जोराच्या पावसाने पातीवरील मेण झिजले असताना लगेच हे तणनाशक फवारले तरीही असाच फटका बसतो. करप्याच्या औषधात घालावयाचे आणि तणनाशकात घालावयाचे नाही, एवढे एक वाक्य तरी प्रत्येक कांदा उत्पादकापर्यंत पोहोचले पाहिजे.

फवाऱ्याच्या थेंबाचा आकारही पाहावा लागतो. मोठा थेंब मेणचट पातीवर आपटून उसळतो व खाली पडतो. लहान थेंबाला उसळण्याइतका जोर नसल्याने तो बसतो. झिजलेल्या नोझलमधून मोठे थेंब पडतात, तेव्हा पसरकावर खर्च करण्यापूर्वी नोझलची चकती बदलावी. थेंब फार बारीक केले तर ते वाऱ्यावर वाहून शेजारच्या शेतात जातात, म्हणून वारा पडलेला असताना फवारावे. सकाळी दव असताना मात्र घाई करू नये. पातीवर आधीच पाणी असेल तर औषध त्यात मिसळून त्याच्याबरोबरच खाली उतरते.

कोणत्या पिकास पसरक लागेल, हे ठरविण्यासाठी शेतातच परीक्षा करावी. पंपात भरावयाच्या पाण्यातून दोन पेले पाणी घ्यावे. एकात ठरलेल्या प्रमाणात पसरक घालावे, दुसरा तसाच ठेवावा. पिकाची दोन ताजी पाने मध्ये न चोळता, देठाला धरून, एकेका पेल्यात बुडवून काढावीत. साध्या पाण्यातून काढलेले पान कोरडे निघाले व दुसरे सारखे ओले निघाले तर पसरक घालणे फायद्याचे. दोन्ही सारखीच ओली निघाली तर बाटली बंद ठेवावी. ही परीक्षा औषध कालविण्यापूर्वी, नुसत्या पाण्यावर करावयाची आहे.

पंपात प्रथम निम्मे पाणी, मग वेगळ्या भांड्यात कालविलेले औषध, नंतर उरलेले पाणी व सर्वांत शेवटी पसरक, असा क्रम ठेवल्यास फेस कमी होतो. सिलिकोन जातीचे पसरक फार आम्ल किंवा फार अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. ते घातलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे, रात्रभर ठेवू नये.

पानाच्या मेणातून औषध आत जाण्यास जे द्रव्य मदत करते, तेच माणसाच्या त्वचेतून ते जाण्यासही मदत करू शकते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या पिकात अंगावर उडणारे तुषार हा तेव्हा चर्चेचा विषय झाला होता. पसरक मिसळलेले द्रावण कपड्यातूनही लवकर झिरपते. म्हणून हातमोजे रबरी असावेत, सुती नसावेत. तोंडास मास्क व डोळ्यांस चष्मा लावावा, आणि पाठीवर गळणारा पंप एक दिवसही वापरू नये. अंगावर द्रावण सांडले तर फवारणी संपेपर्यंत न थांबता कपडे काढून ती जागा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. मळमळ, चक्कर, घाम किंवा अंधारी जाणवल्यास औषधाचे लेबल सोबत घेऊन रुग्णास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरास औषधाचे नाव व त्यात मिसळलेले पसरक, दोन्ही सांगावीत.